पाणी पास झालं का?

"हुशार आहे हो पोरगी, पन मुकी आहे. मार्चमध्ये तिचं नाव मी पुढं पाठवत नाही."

वानखडे सर हे शकीलभाईंना सांगत होते, तेव्हा मी त्या दोघांपासून चार फुटांवर होते. मध्ये फक्त काचसामानाचं कपाट. कपाटाच्या अलीकडे मी ब्युरेट धूत होते आणि पलीकडे माझं भवितव्य ठरत होतं. नळ बंद करावा तर त्यांना कळलं असतं, म्हणून मी तीच ब्युरेट पुन्हा धुतली. इतकी स्वच्छ ब्युरेट आमच्या लॅबमध्ये त्याआधी कधी नव्हती!

शकीलभाई म्हणाले, "साहब, नई नई शादी हुई है. बोलेगी धीरे धीरे."

"मार्चपर्यंत?" सर म्हणाले.

आमची लॅब वाशिम जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. गावोगावच्या विहिरी, बोअर, हातपंप यांचं पाणी इथं येतं. नमुना आला की त्याला नंबर पडतो, तपासणी होते, अहवाल निघतो, आणि ठरलेले दिवस झाले की उरलेलं पाणी मोरीत जातं. किस्स्यांना असं ओतून देता येत नाही. ते साठतच जातात. कुठंतरी लिहून ठेवले नाहीत तर डोक्यात नवा नमुना ठेवायला जागा उरायची नाही.

लॅबमध्ये माणसं तीनच. वानखडे सर प्रभारी. शकीलभाई नमुने घेणारे, बाटल्या धुणारे आणि लॅबमधलं सगळं माहीत असणारे. तिसरी मी, करारावरची केमिस्ट. करार मार्चपर्यंत, पुढं ठेवायचं की नाही हे सरांच्या पत्रावर. सरांचं म्हणणं सरळ होतं. आकडा लॅबमध्ये काढायचा आणि गावात जाऊन तोंडानं सांगायचा. पन्नास माणसांपुढं उभं राहून "हे पाणी पिऊ नका" म्हणता येत नसेल, तर नुसता आकडा काय कामाचा?

सासरी तर याहून सोपं उत्तर तयार होतं. "करार संपला की घर आहेच!" हे सगळे फार मायेनं म्हणत. मायेनं म्हटलेल्या वाक्याला उत्तर देणं मला तेव्हा जमत नव्हतं. आता तरी कुठं जमतं म्हणा.

मला ती नोकरी हवी होती. एवढं मी कोणाला बोलले नव्हते, हाच तर मुद्दा होता!

*

नमुन्याची बाटली आम्ही देतो. सोबत सूचनांचा कागद. त्याच पाण्यानं दोनदा विसळा, मग भरा, झाकण घट्ट लावा, त्याच दिवशी पाठवा. कागद मराठीत आहे. बाटल्या मात्र आपापल्या मनानं येतात.

एका बाईंनी बाटली भांड्यांच्या पावडरीनं घासून पाठवली होती. हलवली की फेस. "सरकारी बाटली, परत देताना घान कशी द्याव?" असा त्यांचा निरोप. एकदा संत्र्याच्या थंड पेयाच्या बाटलीत पाणी आलं. वासाच्या रकान्यात शकीलभाईंनी प्रामाणिकपणे "संत्रा" लिहिलं.

पण सगळ्यात सुंदर नमुना रिसोडकडच्या एका गावचा. पाणी पिवळंधमक! तळाशी तांदळाचे दाणे, वर झेंडूची पाकळी. सरांनी बाटली उजेडात धरली आणि घेऊन आलेल्या ग्रामपंचायतीच्या शिपायाला विचारलं, "हे काय आहे?"

"नव्या बोअरचं पानी हाये साहेब."

"ते कळलं. हळद कोणी टाकली?"

"साहेब, बोअरले पानी लागलं. पूजा केल्याशिवाय पह्यलं पानी कोनी काढन का? तुमीच सांगा!"

 सरांनी नवीन बाटली देऊन त्याला परत पाठवलं. पण आलेला नमुना रजिस्टरला चढवावाच लागतो. संध्याकाळी मी रजिस्टर उघडलं, तर शकीलभाईंच्या सुरेख अक्षरात नोंद होती.

रंग : पिवळा. कारण : श्रद्धा.

*

आमचा अहवाल लोक दहावीच्या निकालासारखा घेतात. "पाणी पिण्यायोग्य आहे का?" असं कोणी विचारत नाही. जीपमधून उतरतात, दारात चप्पल काढतात आणि विचारतात, "पास झालं का?"

एक गृहस्थ असेच आले. त्यांच्या विहिरीत नायट्रेट निघालं होतं एक्कावन्न. मर्यादा पंचेचाळीस. सरांनी समजावलं की हे खतातून येतं, उकिरड्यातून येतं, उकळलं तरी जात नाही आणि लहान लेकरांना वाईट.

गृहस्थांनी सगळं ऐकून घेतलं. मग खुर्ची थोडी पुढं ओढली आणि आवाज खाली आणला. "साहेब, सहाचाच प्रश्न आहे. ग्रेस मध्ये नाही का बसत?"

"पाण्याले ग्रेस नसते!"

"मंग फेरतपासनी?"

ती असते. त्यांनी अर्ज केला. दुसऱ्या दिवशी नवा नमुना आणला, स्वतः हातानं भरून, विहिरीच्या मधोमध बादली सोडून. मी तपासला. त्रेपन्न.

गृहस्थांनी कागदाची घडी घातली. मग माझ्याकडं वळून अगदी आपुलकीनं म्हणाले, "बाई, अर्ज मागं घेता येते का?"

*

पाणी शुद्ध करायची यंत्रं विकणारे तरुण गावात फिरतात. त्यांच्याजवळ दोन सळया असतात. तुमच्या घरच्या पाण्यात सळया बुडवायच्या, वीज सोडायची, की दोन मिनिटांत पाण्याचा काढा होतो. मग ते हळहळून म्हणतात, "हे पिता तुम्ही?"

कारंज्याजवळच्या एका खेड्यातली म्हातारी असा काढा काचेच्या बरणीत घेऊन थेट आमच्याकडं आली. बरणी टेबलावर आपटून म्हणाली, "हे पानी मी लग्न झाल्यापासून पिऊन राह्यली. मी मेली कशी नाही, ते तपासा!"

सरांना असल्या कामाची हौस. त्यांनी आजीला खुर्ची दिली, फळ्यावर चित्र काढलं. सळई लोखंडाची, पाण्यात क्षार, वीज गेली की लोखंड सुटतं, तेच हे तपकिरी. पाण्यात असा कचरा नव्हता, आजी. तो सळईतून आला.

अर्धा तास झाला. आजी टक लावून ऐकत होती.

"म्हंजे माह्यं पानी चांगलं हाये?"

"ते तपासल्यावर सांगू. पण हा रंग पाण्याचा नाही, सळईचा."

"म्हंजे खराब त्या पोट्ट्याच्या सळया!"

"तसंच म्हणा."

आजी उठली. "मंग माह्यं पानी कायले ठेवून घेता? मी त्याले धाडतो. त्याच्या सळया तपासा!"

आणि खरंच, चार दिवसांनी तो तरुण आला. हातात सळया. बिचारा म्हणाला, "त्या आजी गावात शिरू देत नाहीत. काहीतरी लिहून द्या."

*

यंत्रांचा विषय निघालाच आहे तर आमच्या सगळ्यात भरवशाच्या यंत्राबद्दल. शकीलभाईंचं नाक! वास तपासायला मीटर नसतो, नाकच लागतं. शकीलभाई झाकण उघडून, डोळे मिटून, एकदाच हुंगतात आणि सांगतात. क्लोरीन, शेवाळ, माती, काहीच नाही. सर त्यावर सही करतात.

एकदा चहाच्या वेळी शकीलभाई बोलून गेले, "साहब, मैं तो सूंघकर गाँव का नाम बता दूँ."

सरांनी लगेच खिशातून रुमाल काढला आणि त्यांच्या डोळ्यांवर बांधला. मी चार बाटल्या समोर ठेवल्या. बिनरंगाचं, बिनवासाचं, सारखंच दिसणारं पाणी. शकीलभाईंनी पहिली बाटली गळ्याशी धरली, बांधलेली दोरी सोडली, झाकण काढलं, हुंगलं. "कामरगाव."

बरोबर!

दुसरी. बरोबर. तिसरी. बरोबर. चौथीला त्यांनी मुद्दाम वेळ घेतला, मान हलवली, आणि तीही बरोबर सांगितली. सरांनी रुमाल सोडला आणि चक्क टाळ्या वाजवल्या. "असा माणूस मोठ्या लॅबमध्ये पाहिजे होता!" असं दिवसभर येईल त्याला सांगत सुटले.

मी मात्र टेबलावर पडलेल्या दोऱ्या पाहत होते. एक सुतळी. एक सायकलच्या ट्यूबची पट्टी. एक हिरव्या साडीचा फाटका काठ. एक जाड कासरा. प्रत्येक गावचा शिपाई वर्षानुवर्षं बाटलीला तेच बांधतो. हे नाकाला नाही, बोटांना कळतं.

मी मान वर केली, तर शकीलभाई माझ्याकडंच पाहत होते. त्यांनी शांतपणे दोऱ्या गोळा केल्या, खिशात टाकल्या, आणि जाता जाता माझ्याजवळ थांबून हळूच म्हणाले,

"मॅडम, आप बोलती नहीं, ये बहुत अच्छी बात है."

*

हा किस्सा मी पाहिलेला नाही. मला गावात न्यायचंच नाही असं ठरलेलं होतं ना! शकीलभाईंनी सांगितला, आणि त्यांच्या नाकाइतकाच तो खरा मानायचा.

ऑक्टोबरचं कडक ऊन. सर आणि शकीलभाई एका गावात विहिरीचा अहवाल द्यायला गेले. पाणी पिण्यास अयोग्य, शेरा ठळक अक्षरात, कागद सरांच्या बॅगेत. जीप बिघडली म्हणून शेवटचा टप्पा पायी. सरपंचांच्या ओसरीवर पोचेपर्यंत सरांचा घसा कोरडा ठाक.

सरपंचांची आई तांब्या आणि गिलास घेऊन आली. तांब्यात पाणी त्याच विहिरीचं! सरांनी तांब्याकडं पाहिलं, म्हातारीकडं पाहिलं. पाहुण्यानं उंबऱ्यावर आलेलं पाणी नाकारायचं कसं? घेतलं. एक गिलास संपला. आणि मग, शकीलभाई शपथेवर सांगतात, सरांनी स्वतः गिलास पुढं केला. "आजी, अजून द्या."

दुसराही संपला. सरांनी रुमालानं तोंड पुसलं, बॅग उघडली, कागद काढला आणि जमलेल्या मंडळींना गंभीर आवाजात वाचून दाखवला. जीवाणू, नायट्रेट, पिण्यास अयोग्य, सगळं.

 सरपंच खाली पाहत होते. तेवढ्यात दारातून म्हातारीचा आवाज आला,

"बापा, पानी खराब होतं, तर दुसरा गिलास काहून मांगतला?"

 

*

फेब्रुवारी निम्मा सरला होता. पत्र कोऱ्या कागदाच्या रूपात सरांच्या टेबलावर होतं. मी येता जाता त्याच्याकडं पाहत असे. ते दिवसेंदिवस कोरंच.

त्या दिवशी अकराच्या सुमारास दारात मोटरसायकल थांबली आणि माझे चुलत सासरे आत आले. घरात त्यांना सगळे काकाजी म्हणतात. ते माझ्या सासरच्या गावच्या पाणी समितीचे अध्यक्ष. आमच्या गावच्या बोअरचा नमुना द्यायचा होता, आणि सून लॅबमध्ये आहे म्हटल्यावर शिपायाच्या हाती कशाला पाठवायचा? स्वतःच आणला. बाटली नव्या पिशवीत, पिशवीला नवी गाठ.

मी ॲप्रनवर ओढणी घेतली, ती डोक्यावर ओढली आणि चहा सांगितला. अशा वेशात पाणी तपासणारी मी आमच्या लॅबमधली पहिलीच असेन.

"रिपोर्ट घेऊनच जातो," काकाजी खुर्चीत बसत म्हणाले. पूर्ण अहवालाला वेळ लागतो. पण सर म्हणाले, घरचा माणूस आहे, होईल तेवढं आत्ताच करू. मी बाटली घेऊन ओट्याशी गेले. पाठ त्यांच्याकडं, कान त्यांच्याकडं.

"कशी आहे आमची सूनबाई?" काकाजींनी विचारलं.

"कामाले एक नंबर," सर म्हणाले. "पन बोलत नाही."

"घरी तरी कुठं बोलते! गरीब आहे बिचारी. तशी सुगरन आहे. भाकर अशी करते की पाहत राहा. पन साहेब, एक गोष्ट..." काकाजी हसायलाच लागले. "डाळ शिजत नाही तिच्या हातून! आठ महिने झाले. कुकर लावला की आमी सारे शिट्ट्या मोजत बसतो. परवा सतरा झाल्या! दाना तसाच!"

सर हसले. शकीलभाईसुद्धा हसले. मी पिपेट भरली.

"खरं सांगू का काकाजी," सर म्हणाले, "म्हणूनच मी अडून बसलो. फिल्डवर बोलावं लागते. मार्चनंतरसाठी नाव पाठवावं की नाही..."

"नका पाठवू," काकाजी मोकळेपणानं म्हणाले. "घरी राह्यन. चार दिवस सासूच्या हाताखाली राह्यली की डाळ शिकन."

दोघांचं एकमत झालं. चहा अजून कपात होता.

एक गोष्ट इथं सांगितली पाहिजे. दुसऱ्या महिन्यातच मी घरी येणारं गावच्या बोअरचं पाणी डब्याच्या पिशवीतून लॅबमध्ये आणून गुपचूप तपासलं होतं. कठीणपणा मर्यादेच्या कितीतरी वर, नायट्रेटही वर. अशा जड पाण्यात डाळ शिजत नाही, हे आम्ही येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. घरी मात्र मी तो आकडा कोणाला सांगितला नव्हता. आठ महिन्यांची सून आपल्या हातचा दोष गावच्या पाण्यावर ढकलते, एवढाच त्याचा अर्थ झाला असता.  जाऊबाईंच्या चार महिन्यांच्या लेकराचं वरचं दूधही त्याच पाण्यात कालवलं जात होतं. मी जाऊबाईंना जारचं पाणी वापरा म्हणून सुचवलं होतं, पण इतक्या हळू की त्यांना ते ऐकूच गेलं नसावं.

काकाजींनी आणलेल्या पाण्याचा कठीणपणा बघायला घेतला. यात पाणी आधी जांभळट लाल करतात, मग ब्युरेटमधून थेंब थेंब द्रावण सोडायचं. पाणी निळं झालं की थांबायचं. आमच्या पट्ट्यातल्या बोअरच्या पाण्याला निळं व्हायला ब्युरेट अर्धी रिकामी होते, हात भरून येतो.

एक थेंब. दोन थेंब.

निळं!

मी पुन्हा केलं. दोन थेंब, निळं. नायट्रेट पाहिलं, नावालाच. क्षार पाहिले, जवळजवळ नाहीतच. एवढं हलकं पाणी आमच्या तालुक्यात दोनच ठिकाणी मिळतं. एक आभाळातून, दुसरं बस स्टँडसमोरच्या आरओ प्लांटच्या जारमध्ये.

आकड्यांचा कागद मी सरांपुढं ठेवला. सरांनी वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. त्यांना कळलं होतं, मला दिसलं ते. इतकी वर्षं पाणी पाहणारा माणूस! त्यांनी काकाजींकडं पाहिलं. काकाजी दुसरा चहा बशीत ओतून, फुंकर मारून, प्रसन्नपणे त्यांच्याकडंच पाहत होते.

"काय साहेब? पास?"

पण तोंडावर सांगायचं कसं? समोर पाहुणा, त्यातून लॅबमधल्या मुलीचा सासरा. शकीलभाईंनी एकदा खोकून पाहिलं. सरांनी पेन उचलला.

"पानी... चांगलं आहे," सर म्हणाले. पेनाचं टोक कागदाला टेकलं. एकदा सही झाली की आमच्या गावचं पाणी वर्षभर योग्य, आणि वर्षभर तिकडं कोणी फिरकणार नव्हतं.

"म्हटलंच होतं मी!" काकाजी म्हणाले. "सुनेच्या हापिसात आनाचं म्हंजे काय! सूनबाई, तू सांग. आहे की नाही एक नंबर?"

तिघंही माझ्याकडं पाहत होते. उत्तराची अपेक्षा कोणालाच नव्हती, हे तिघांच्याही चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. डोक्यावरची ओढणी मी नीट केली.

"सर, सही करू नका," मी म्हणाले. "काकाजी, हे पानी आपल्या बोअरचं असतं ना, तर माह्यी डाळ पह्यल्याच दिवशी शिजली असती!"